नखाला लागतंय का?

इंजिन खोलायला घेतलं की आमच्याकडे आधी जमिनीवर दोन गोणपाटं अंथरली जातात. डावीकडच्या गोणपाटावर जाईल ते परत इंजिनात बसणार, उजवीकडचं भंगारात. दोन्हींच्या मधे पत्र्याचा एक ट्रे असतो आणि त्यात पडलेल्या मालाला आम्ही ‘बघू’ म्हणतो. गिऱ्हाइकाला बिल दिसतं, नव्या सामानाची खोकी दिसतात, इंजिन सुरू झाल्यावर निघणारा धूर दिसतो. ट्रेकडे कोणी ढुंकून बघत नाही. आमच्या धंद्यातली सगळी भांडणं आणि सगळे किस्से मात्र त्या ट्रेतलेच.

दापोलीत हा धंदा तसा दोन महिन्यांचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. मेअखेरीस हर्णैसमोरच्या, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरलेल्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आत येतात, शाकारल्या जातात आणि मग इंजिनांची वरात सुरू होते. बहुतेक इंजिनं सहा सिलिंडरची, मूळ घराणं ट्रकचं, त्याला मरीन गिअर आणि समुद्राच्या पाण्यावरचं कूलिंग जोडलेलं. काही होडीतच खोलतो, काही टेम्पोत घालून वर दापोलीला आणतो. ६१ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. त्यातला पहिला आठवडा होडी लावण्यात जातो, शेवटचा ट्रायलमध्ये. मधल्या काळात धो धो पाऊस, गेलेली वीज, पुण्याहून निघालेलं पण न पोचलेलं सामान आणि ग्राइंडिंगला चिपळूणला गेलेला क्रँक. एवढ्या घाईत ट्रेतल्या प्रत्येक तुकड्याचा निकाल लावायचा असतो. समोर उलट्या बादलीवर नाखवा बसलेला असतो आणि त्याचं एकच पालुपद, ‘‘मिस्त्री, अजून एक सीझन काढील की हे.’’

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद हर्णैचे. त्यांचा क्रम ठरलेला : आधी वास, मग हात, मग डोळे, सगळ्यात शेवटी मायक्रोमीटर. तेलाचा वास घेऊन ते सांगायचे की नोझल गळतोय, तेलात डिझेल उतरलंय. दोन बोटांत तेल चोळून सांगायचे की एअर फिल्टर फाटका होता, धूळ गेलीय. आणि तोपर्यंत एकही वस्तू धुवायची नाही, ही सक्त ताकीद.

आयटीआय करून आलेला एक पोरगा होता. कामाचा भारी उत्साह. एक दिवस आम्ही यायच्या आत त्याने मेन मेटल, बिगेंड मेटल, सगळी काढली, डिझेलमध्ये ब्रशने घासली, फडक्याने पुसली आणि चकचकीत रांग लावून ठेवली. उस्ताद आले, रांगेकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘मुडद्याला आंघोळ घालून आणलास होय रे? आता पंचनामा कशाचा करू?’’

पोराला राग आला असणार, पण उस्तादांचं खरं होतं. बेअरिंगचं मेटल म्हणजे पोलादी पाठ, त्यावर तांब्याच्या जातीचा थर आणि सर्वांत वर शिसं-कथलाचा करडा पातळ मुलामा. कुठला थर कुठे उडालाय त्यावरून सगळं कळतं. सगळ्या जोड्यांवर सारखंच तांबं दिसायला लागलं असेल तर वय झालं किंवा तेलाचा दाब कमी पडला. एकाच जोडीवर, तेही एका कडेला वर आणि समोरच्या कडेला खाली, तिरपं तांबं दिसलं तर कनेक्टिंग रॉड वाकलाय. लांब रेघा म्हणजे कचरा. आता सगळी मेटलं एका रांगेत, कुठली कुठल्या पिनवरची याचा पत्ता नाही. तिरपी झीज एका जोडीवर होती, ती सगळ्यांना दिसत होती. पण ती कुठल्या रॉडची?

सहाही रॉड एकेक करून तपासावे लागले. चौथा निघाला. होडी नांगरावर डोलताना एक्झॉस्टमधून पाणी आत शिरलं होतं. ड्रायव्हरने तसाच स्टार्टर मारला. पाणी काही दाबलं जात नाही, मग रॉड वाकला. डोळ्यांना अजिबात दिसू नये इतकाच. तो रॉड न बदलता नुसती नवी मेटलं घातली असती तर दिवाळीपर्यंत तीही तशीच तिरपी झिजली असती, आणि दोष आला असता मेटलच्या कंपनीवर नाहीतर आमच्यावर. त्या दिवसापासून पोरगा सेंटर पंचने प्रत्येक रॉडवर, प्रत्येक कॅपवर ठिपके मारायला लागला. त्याची गोष्ट पुढे येतेच.

मापाचं सांगायचं तर पहिलं माप नखाचं. लायनरच्या वरच्या टोकाशी, जिथे वरची रिंग येऊन परत फिरते, तिथे झीज सर्वांत जास्त असते. पिस्टन तिथे क्षणभर थांबतो, जाळाचा दाब रिंगला मागून भिंतीवर रेटतो, उष्णतेने तेल पातळ झालेलं असतं. रिंग जिथवर पोचते तिथवर झीज, त्याच्या वर मूळ माप. मधे कड तयार होते. तिच्यावरून नख फिरवायचं. अडलं, तर बोअर गेज काढायचं. वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. मग नवी रिंग लायनरमध्ये सोडून पिस्टनने सरळ ढकलायची आणि तिच्या तोंडात फिलर घालून फट बघायची. बोअरच्या दर इंचाला तीन-चार थाऊ हा जुना हिशेब; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फट भलतीच मोठी निघाली तर लायनर बोलला.

क्रँकच्या जर्नलसाठी उस्तादांच्या पेटीत तांब्याचा एक ढब्बू पैसा होता. जर्नल कोरडा पुसायचा आणि पैशाची कड त्यावरून आडवी ओढायची. जर्नल गुळगुळीत असेल तर काही होत नाही. खरखरीत असेल तर मागे तांबूस रेघ उमटते. पैशाचं तांबं जो ओरबाडतो, तो मेटलला सोडेल होय? नंतर क्रँक दोरीने टांगून बारक्या हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पुढचं बोलणं. बद्द वाजला तर तडा शोधायचा : रॉकेलने भिजवायचा, पुसून कोरडा करायचा, खडूची पूड फासायची आणि वाट बघायची. तडा असला की आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं, पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. बहुधा पिनच्या कोपऱ्यातल्या गोलाईत उमटते. ती गोलाई कुणी ग्राइंड करताना काटकोनात मारून ठेवली असेल, तर तिथे तर हमखास. तडा गेलेला क्रँक ट्रेत येतच नाही. तो थेट उजवीकडे.

एवढी मापं घेतली की उत्तर मिळालं असं बाहेरच्यांना वाटतं. खरा वाद तिथून सुरू होतो. एका नाखव्याचा मेहुणा शिकलेला, तो कंपनीचं पुस्तकच घेऊन आला. लायनरच्या झिजेची मर्यादा त्यात छापलेली. आमचं माप मर्यादेच्या दोन थाऊ आत. ‘‘चाचा, पुस्तकात बसतंय. मग नवे लायनर कशाला?’’

उस्तादांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाले, ‘‘हे आजचं माप झालं. मेचं किती?’’

मेहुण्याला काही कळेना. उस्तादांनी नाखव्याकडे मच्छीमार सोसायटीचं डिझेलचं पुस्तक मागितलं. होडीवर इंजिनाच्या तासांची नोंद कुणी ठेवत नाही, तासाचा मीटर असला तर तो बंदच असतो. पण सोसायटीतून डिझेल कोट्याने मिळतं, त्यावर सरकारचा परतावा असतो, त्यामुळे लिटरचा हिशेब मात्र चोख असतो. मागचं ओव्हरहॉलिंग झाल्यापासून किती लिटर जाळलं, इंजिन तासाला साधारण किती पितं, त्यावरून तास. तासांवरून झिजेचा वेग. ऑगस्ट ते मे अजून किती तास पडणार, त्यावरून मेमधलं माप. आकडा पुस्तकाच्या मर्यादेच्या चांगलाच बाहेर गेला. मर्यादा ओलांडली जाणार होती तीही गणपतीनंतर लगेच, थंडीच्या हंगामाच्या तोंडावर.

मेहुणा गप्प बसला, तरी नाखवा हटेना. ‘‘तुम्हीच त्या शेतकऱ्याच्या टिलरला याहून झिजलेला लायनर ठेवलात ना?’’ ठेवला होता. पॉवर टिलरचं एका सिलिंडरचं इंजिन चिखलणीच्या दिवसांत चालतं, उरलेलं वर्ष गोठ्याशेजारी झाकून पडतं. बंद पडलं तर शेतकरी बांधावर बसून भाकर खातो आणि मला फोन करतो. ट्रक कशेडी घाटात बंद पडला तर चाकाला दगड लावून ड्रायव्हर चहाला जातो. होडी वाऱ्यात बंद पडली तर चाकाला लावायला दगड कुठून आणायचा? २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा बाहेर असलेल्यांना इंजिनाखेरीज कुणाचा आधार नव्हता. हे उस्तादांनी बोलून दाखवलं नाही, नाखव्यालाही त्याची गरज नव्हती. लायनर नवे आले.

उलटही होतं, आणि ते गिऱ्हाइकाला पटवणं जास्त अवघड. एकदा लायनर काढले, आतून उत्तम, होनिंगच्या तिरक्या जाळीदार रेघाही शाबूत. नाखवा खूश. उस्तादांनी लायनर उलटा करून बाहेरची बाजू दाखवली. एका बाजूला उभ्या पट्ट्यात खड्डेच खड्डे, काही चांगलेच खोल. पिस्टन एका बाजूला रेटत खाली जातो, लायनरची भिंत थरथरते आणि बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन भिंतीवरच फुटतात. तेच लोखंड खातात. आतून झीज नसली तरी एक दिवस भोक पडतं आणि पाणी तेलात उतरतं. इथे मात्र उस्तादांनी सगळे टाकले नाहीत. खड्डे वरवरचे होते ते चार लायनर पाव वळसा फिरवून बसवले, म्हणजे मार खाल्लेली बाजू आता रेट्याच्या वाटेत येणार नाही. खोल खड्ड्यांचे दोन बदलले. आणि कूलिंगच्या बंद पाण्यात गंजरोधक घालायची तंबी दिली. नाखव्याला वाटलं, म्हातारा मेहेरबान झाला.

आता त्या आयटीआयवाल्या पोराची गोष्ट. आमच्याकडे चार पैसे गाठीला बांधून तो, या पट्ट्यातली पोरं जातात तसा, आखातात गेला. शारजात गॅरेजला लागला. एका रात्री व्हिडिओ कॉल. ‘‘काका, जपानी गाडीचं इंजिन खोललंय. पिस्टनच नाही यात! ठेवू काय आणि टाकू काय?’’

रोटरी इंजिन मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्याने कॅमेरा फिरवून समजावलं. आठाच्या आकड्याच्या जवळपास जाणारी, कमरेत किंचित दबलेली पोकळी. तिच्यात तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक धातूची पट्टी, सील, पोकळीच्या भिंतीला घासत जाणारी. भिंत अ‍ॅल्युमिनियमची, आत पोलादी पत्रा आणि त्यावर क्रोमचा मुलामा. दोन्ही बाजूंना लोखंडी ताटं. झडपा नाहीत, रॉड नाहीत. रोटर फिरेल तसा एका तोंडातून हवा घेतो, समोरच्या बाजूला नेऊन दाबतो, तिथे जाळ होतो, आणि परत पहिल्याच बाजूच्या दुसऱ्या तोंडातून धूर सोडतो.

मला सुचलं ते विचारलं, ‘‘धुतलंस काय रे?’’

‘‘नाही काका. ठिपके मारलेत, फोटो काढलेत, बोट लावलेलं नाही.’’

हा प्रश्न आणि हे उत्तर यातच अर्धं काम झालं. म्हटलं, भिंतीवर नख फिरव. म्हणाला, मधे गुळगुळीत, कडेला लागतंय. क्रोमचे पापुद्रे निघालेत. एका भिंतीवर ते अगदी काठाशी, सीलच्या वाटेबाहेर. दुसऱ्या भिंतीवर वाटेत आलेले. आणि याच दुसऱ्या बाजूच्या रोटरची एक सील खाचेत काजळीने घट्ट अडकलेली, बाकीच्या बोटाने दाबल्या की स्प्रिंगवर उसळतात. दोन भिंती, एकच गाडी, एकच मालक. मग एकच बाजू का बिघडली?

अशा इंजिनात थोडं तेल मुद्दाम जाळायलाच दिलेलं असतं. बारीक पंप आणि नळ्यांतून ते पोकळीत सोडतात, नाहीतर सील कोरडी घासेल. मालकाला हे माहीतच नसतं, किंवा माहीत असून तो तेल बघत नाही. मी विचारलं, दोन्हीकडच्या नळ्या फुंकून बघितल्यास? त्याने फुंकल्या. एक चोंदलेली. त्याचा उस्ताद आणि त्याचं त्याआधी ठरलं होतं की सगळ्या नव्या सील घालायच्या, दोन्ही भिंती ठेवायच्या आणि गाडी द्यायची. नळी तशीच राहिली असती तर नव्या सीलचं काय झालं असतं ते मला दापोलीत बसून दिसत होतं. एक भिंत राहिली, एक गेली. बाजूच्या ताटांवर डायल गेज फिरवून सीलच्या वाटेची पायरी किती खोल गेलीय ते त्याने मापलं आणि मला आकडे पाठवले. ते मर्यादेत होते की नाही हे मला ठाऊक नव्हतं, त्याच्या पुस्तकात होतं.

त्या फोननंतर मी या इंजिनाच्या नादी लागलो. जे वाचायला मिळालं ते वाचलं. आमच्या कृषी विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवणाऱ्या एका सरांनी उरलेलं समजावलं. जर्मनीच्या फेलिक्स वँकेलची ही कल्पना, एनएसयू कंपनीने गाडीत आणलेली. त्यांची आरओ-८० ही गाडी १९६७ ला आली, १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली आणि सील झिजल्यामुळे वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. म्हणतात, रस्त्यात आरओ-८० चे दोन मालक समोरासमोर आले की बोटं वर करून दाखवायचे : माझं इतकव्वं इंजिन. खरं-खोटं देव जाणे, किस्सा मात्र गॅरेजवाल्यानेच रचलेला वाटतो.

जपानात माझदाने हेच इंजिन घेतलं तेव्हा त्यांच्याही पोकळीच्या भिंतीवर ठरावीक अंतराने आडवे ओरखडे उठायला लागले. त्यांचे इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो आणि त्यांची ४७ इंजिनिअरांची तुकडी या ओरखड्यांच्या मागे लागली. भिंत मऊ आहे, म्हणून ती कडक करा, असं कुणीही म्हणालं असतं. त्यांना सापडलं ते वेगळंच : सील धावताना थरथरते आणि थरथरीच्या तालावर भिंत खरवडते. म्हणून त्यांनी सीललाच आडवी-उभी भोकं पाडून तिचा थरथरण्याचा ताल बदलला. पुढे कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमची सील घेऊन ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीला आली. आमच्या लायनरच्या बाहेरचे खड्डे आणि त्यांचे ओरखडे, दोन्हींच्या मुळाशी थरथर. हे वाचलं त्या रात्री मला उस्तादांना उठवून सांगावंसं वाटलं.

सरांनी आणखी एक सांगितलं. हे इंजिन महाराष्ट्रालाही परकं नाही. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या संस्थेने आणि बंगळुरूच्या एनएएलने मिळून ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन बनवलं आणि २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ विमान त्यावर उडालं. पोकळीच्या भिंतीला त्यांनी निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिला होता. म्हणजे पुन्हा गोष्ट तिथेच आली : सील कशावर घासते.

ट्रेतला सगळ्यात महागडा किस्सा २०२१ चा. एका होडीचा क्रँक वीस थाऊ खाली ग्राइंड करायला चिपळूणला दिला होता. काम होऊन तो तयार होता, मापाची मेटलंही घेतली होती. २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. फोन लागेना, रस्ता नाही. काही दिवसांनी आमचा टेम्पो कसाबसा पोचला तेव्हा वर्कशॉपमध्ये कमरेच्या वरपर्यंत चिखलाची रेघ. तिथल्या माणसांची स्वतःची घरं बुडालेली, त्यांना काय बोलणार? क्रँक पद्धतीप्रमाणे उभा ठेवलेला होता, गोणपाटात गुंडाळलेला. गोणपाटाने पाणी धरून ठेवलं होतं.

घरी आणून उस्तादांनी सर्वांत आधी जर्नलकडे बघितलंच नाही. क्रँकच्या पोटातले तेलाचे मार्ग असतात, त्यांचे बूच काढायला लावले. तारेला फडकं बांधून घासलं, हवा मारली. वाशिष्ठीचा गाळ पिचकारीने बाहेर आला. तो आत राहिला असता तर नव्या मेटलचं पहिल्या तासात वाटोळं. मग बारीक एमरीची पट्टी तेलात भिजवून एकेक जर्नल हाताने पॉलिश केला. ढब्बू पैसा फिरला. सगळे मेन जर्नल पास झाले. पिनांपैकी चार पास. दोनांवर गंजाचे खड्डे राहिले, नखाला लागणारे.

३१ जुलैला मोजून थोडे दिवस उरलेले. नाखवा रडकुंडीला आला होता. डिझेल भरायचं, बर्फाचा बयाणा दिलेला, खलाशी आगाऊ उचल घेऊन बसलेले. ‘‘चाचा, खड्डाच ना? खड्ड्यात तेल साठेल, उलट बरंच की!’’ हे ऐकून मी हसलो, उस्ताद हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पिनांवरचे खड्डे कुठे आहेत ते खडूने घेरले. पहिल्या पिनवर खड्डे आतल्या अंगाला होते, जिथे स्फोटाचा मार पडत नाही. काठ चोपडे करून ती चालली असती. दुसऱ्या पिनवर ते बरोबर वरच्या अंगाला, तेलाच्या भोकाला लागून. पिस्टनचा सगळा मार तिथे. तेलाची पातळ फिल्म भोकाशीच फुटणार, मग मेटल चिकटणार, फिरणार आणि रॉड क्रँककेसमधून बाहेर डोकावणार. उस्तादांनी पिनवर बोट ठेवून एवढंच म्हटलं, ‘‘ही नाही.’’

एका पिनसाठी सगळ्या पिना दहा थाऊ आणखी खाली घ्यायच्या, मेटलचा नवा सेट आणायचा. चिपळूण बंद. महाडातही पुराने तोच हाहाकार. रस्ते सुरू झाल्यावर क्रँक पुण्याला गेला. शेजारच्या होड्या ऑगस्ट उजाडताच सुटल्या, ही खाडीतच. नाखवा आमच्याशी बोलेनासा झाला. समोरून गेला तरी मान दुसरीकडे. २२ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, त्यानंतर होडी सुटली. क्रँकने पुढे काही त्रास दिला नाही, पण याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. न झालेला अपघात कुणाला दाखवायचा? नाखवा वर्षभराने बोलायला लागला तोही मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला तेव्हा.

टाकलेल्या मालाचं पुढे काय होतं, हा पडद्यामागचा शेवटचा भाग. उजव्या गोणपाटावरच्या प्रत्येक क्रँकवर, प्रत्येक रॉडवर उस्ताद छिन्नीचा एक खोल घाव घालायचे. कारण सरळ आहे. भंगारवाल्याकडून तोच क्रँक कुणीतरी उचलतो, रंग मारतो, तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळतो आणि तो ‘कमी वापरलेला’ म्हणून कुठल्या तरी बंदरात विकला जातो. एकदा उस्तादांनी स्वतः टाकलेला रॉड दुसऱ्या होडीच्या इंजिनातून त्यांच्याच हातात परत आला होता. ओळखला तो त्यांच्या सेंटर पंचच्या ठिपक्यांवरून. तेव्हापासून छिन्नी.

यावर एकाच नाखव्याने हरकत घेतली. क्रँक मर्यादेच्या काठावर होता, आम्ही होडीसाठी नाकारला. उस्ताद छिन्नी घेऊन वळले तर हा आडवा. ‘‘माल माझा आहे. घाव कशाला?’’ त्याच्या मेहुण्याचं कर्द्याला लॉज, तिथल्या जनसेटचं इंजिन याच घराण्यातलं. उस्तादांनी थोडा विचार केला, क्रँक परत वाजवला, परत मापला. मग छिन्नी ठेवून दिली आणि क्रँकच्या बाजूला खडूने लिहिलं : ‘जनसेट. होडीला नाही.’ क्रँक जनसेटमध्ये बसला आणि चालला. तेव्हापासून तो नाखवा दर जूनला बिलाच्या वेळी त्या क्रँकची आठवण काढतो. टाकाऊ म्हणालात तो चालतोय, मग तेवढे पैसे कापा.

यंदा त्या जनसेटचं तेल बदलायला मलाच बोलावलं. तेल उतरवून तळाच्या गाळात चुंबक फिरवला. थोडी काळी भुकटी चिकटली, ती लोखंडाची, रिंग-लायनरची. चुंबकाला न चिकटणारी तांबूस चमकही होती, ती मेटलची. फार नव्हती, पण होती. मेहुण्याला म्हटलं, दिवाळीच्या गर्दीआधी खोलून बघू. त्याने लगेच विचारलं, ‘‘म्हणजे क्रँक गेला काय?’’ म्हटलं, खोलू तेव्हा सांगतो, आणि तोवर कुणाला काही धुवायला देऊ नका.